काठ्यांची टोपरी

त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली ती फिरवलीच, वर वाऱ्याने उच्छाद मांडला. सकाळी उन्हाबरोबर उठायचा तो दिवस मावळेपर्यंत खाली बसायचं नाव घ्यायचा नाही. बागेतला डेलिया कमरेच्या वर आला होता, कळ्या मुठीएवढ्या झाल्या होत्या, आणि डेलियाचा देठ म्हणजे आतून नुसती पोकळ नळी. एकदा वाकला की गेला. तो काही हाडासारखा सांधत नाही. म्हणून नवराबायको दोघंही उजाडल्यापासून काठ्या रोवायच्या मागे लागले होते.

नवऱ्याला सगळे दोरीवाले म्हणत. तो दोऱ्या वळत नव्हता की विकत नव्हता. दोन टोकांना दोन खुंट्या ठोकायच्या, मध्ये दोरी ताणायची आणि तिच्याखाली नेमका एकेक कंद ठेवायचा, ही त्याची आयुष्यभराची सवय. दोरी लावल्याशिवाय हा जेवायलासुद्धा बसत नसेल, असं लोक म्हणायचे आणि तो मिशीत हसायचा. त्याच्या ओळीकडे एका टोकाला उभं राहून पाहिलं तर शेवटपर्यंत एकच झाड दिसायचं. याचा त्याला फार अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर अभिमान बाळगावा असं त्याच्याजवळ दुसरं फारसं काही नव्हतं.

बांधायचं काम बायकोचं. सुतळीचं एक टोक दातांत धरायचं, दुसऱ्याने काठीला वेढा, मग देठाला वेढा, आणि मध्ये बोटभर ढील. ढील ठेवली नाही तर वाऱ्यात देठ कापतो आणि जास्त ठेवली तर झाड काठीवर आपटत राहतं. तिचा हात त्यात इतका बसला होता की ती बोलता बोलता बांधायची. म्हणजे दातांत सुतळी नसेल तेव्हा बोलायची.

काठी रोवली की बांधायच्या आधी दर वर्षी तिचं एक जादा काम असे. प्रत्येक काठीच्या वरच्या टोकाला ती कापडाचं टोपरं घालायची. जुन्या विजारीचं, उशीच्या अभ्र्याचं, असेल त्या चिंधीचं, आत थोडा कापूस आणि खाली नाडी. फार पूर्वी तण काढताना काठीचं टोक तिच्या भुवईत घुसलं होतं. थोडक्यात डोळा वाचला होता. काठी बाजूने दिसते, पण वरून वाकलं की टोक समोर येतं आणि मग ते दिसतच नाही, नुसता ठिपका असतो आणि मागे पानंच पानं. तेव्हापासून टोपरी. माप तिच्या हातात होतं, कारण बांधापलीकडे राहणाऱ्या धाकट्या दिराच्या सगळ्या पोरांची टोपरी तिनेच शिवली होती. तिला स्वतःला मूल झालं नाही.

बागेतून येणारा-जाणारा म्हणायचा, "काय वहिनी, यंदा पोरं बरीच उंच झाली की." ती म्हणायची, "खातात किती, ते विचारा."

दोरीवाल्याला ते ऐकायला बरं वाटत नसे. 

बापाने जमिनीचे दोन वाटे करून दिले होते. मध्ये बांध, आणि विहीर दोघांत एक. पाणी मुबलक होतं तोवर भाऊ भाऊ होते. यंदा विहिरीचा तळ दिसायला लागला आणि पाण्याच्या पाळ्या लागल्या. थोरल्याची पाळी असताना धाकट्याची मोटार चालू राहिली, असं एकदा झालं. विसरून राहिली की मुद्दाम, हे देवाला ठाऊक. दोरीवाला तडक गेला आणि त्याने स्वतःच्या हाताने बटण बंद केलं. धाकटा घरातून धावत आला. मग बांधाच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक, असे उभे राहून दोघांनी एकमेकांच्या लहानपणापासूनच्या सगळ्या गोष्टी काढल्या.

"तुला काय रे, दादा," धाकटा शेवटी म्हणाला. "मला चार तोंडं खायला आहेत. तुझी पोरं काय, टोपरी घालून उभीच आहेत. त्यांना थोडं कमी पाणी पडलं तर रडायची नाहीत."

दोरीवाल्याने मागे पाहिलं. बायको तिथेच ओळीत बसून बांधत होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिची मान खाली गेलेली त्याने पाहिली आणि खांदे हललेले पाहिले.  तो वळला आणि त्या दिवसापासून भावांचं बोलणं बंद झालं.

दुसऱ्या दिवशी बायको चूल पेटवत होती तेवढ्यात तो एकटा बागेत गेला आणि एकेका काठीवरचं टोपरं ओढून काढत सुटला. नाड्या सोडत बसला नाही. सगळी एका पोत्यात कोंबली आणि पोतं अवजारांच्या खोपटात फावड्यांमागे टाकलं.

बायको आली ती ओळीच्या तोंडाशीच थांबली.

"टोपरी कुठं गेली?"

"काढली."

"का?"

"फुलवाला येणार आहे बघायला. गबाळं दिसतं."

"दर वर्षी येतो तो. कधी काही म्हणाला नाही."

"मी म्हणतोय ना."

"अहो, अजून अर्धी बाग बांधायची राहिली आहे. निदान बांधून होईपर्यंत तरी..."

"डोळे आहेत ना तुला? बघून काम करावं माणसानं."

 त्याच्या हनुवटीकडे पाहून तिला कळायचं, की आता बोलण्यात अर्थ नाही. तिने सुतळीचा गुंडा कमरेला अडकवला आणि ओळीत शिरली.

यंदा काठ्याही नव्या नव्हत्या. काठीचं खालचं टोक तो कोयत्याने तासून अणकुचीदार करायचा, म्हणजे ती जमिनीत सहज घुसते. वर्षभर मातीत राहून ते टोक काळं पडतं, कुजतं. बांबू मिळेना म्हणून त्याने गेल्या वर्षीच्याच काठ्या उलट्या केल्या होत्या. चांगलं टोक तासून खाली घातलं आणि कुजकं, अणकुचीदार टोक वर आलं. वर वाऱ्याला काय आणि उन्हाला काय, टोक कसंही असलं तरी चालतं, असा त्याचा हिशेब. टोपरी असती तर चाललंही असतं.

ऊन चढलं. वारा नेहमीसारखा उठला आणि झाडं एकमेकांच्या अंगावर पडायला लागली. तो पुढे काठ्या ठोकत होता, मागून ती बांधत येत होती. तिच्या कमरेचा गुंडा सुटून खाली पडला आणि घरंगळत झाडाच्या बुडाशी गेला. तो उचलायला ती वाकली.

त्याला आवाज असा आलाच नाही. ठोकणं थांबवून त्याने सहज मागे पाहिलं, तर ती सरीत बसलेली होती आणि दोन्ही हात डाव्या डोळ्यावर होते.

"काय झालं?"

"काही नाही. लागलं जरासं."

तो धावला. तिचे हात बाजूला करून त्याने मातीने भरलेल्या अंगठ्याने पापणी वर केली. रक्त नव्हतं. डोळा लाल झाला होता आणि पाणी वाहत होतं. बुबुळावर बारीक ओरखडा असावा. त्याला तो दिसला नाही. रक्त नाही हे पाहून त्याचा जीव भांड्यात पडला. आणि जीव भांड्यात पडल्यावर त्याला राग आला, कुणाचा ते त्याला कळलं नाही.

"बघून वाकायचं ना," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली.

मडक्यातल्या पाण्याने तिने डोळा धुतला. घरात फळीवर डोळ्यात घालायच्या थेंबांची एक बाटली होती. मागे त्याचे डोळे आले होते तेव्हाची. अर्धी उरली होती. औषध वाया का घालवा म्हणून तिनेच जपून ठेवली होती. त्याने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि थेंब घातले. मग तिने पदराची घडी डोळ्यावर बांधली आणि उरलेली ओळ एका डोळ्याने बांधून काढली, कारण वारा काही तिच्यासाठी थांबणार नव्हता.

फुलवाला आला. फुलं पाहून खूष झाला. टोपल्या भरताना त्याने विचारलं, "बाई, डोळ्याला काय?"

"गेलं काहीतरी," ती म्हणाली.

थेंबांनी लाली उतरली. दोरीवाल्याने आरशासमोर उभं करून तिला डोळा दाखवला. "बघ. उगाच घाबरलो आपण." तिने मान हलवली. त्या दिवशी तो फार मोकळा झाला होता. तिच्या वाटणीची झाडलोटसुद्धा त्याने केली आणि चहाही केला. चहा कडू झाला होता, तरी तिने तो सगळा प्यायला.

पण थेंब घालणं थांबवलं की ठणका परत यायचा. मग दोघांनी थेंब वाढवले. हळूहळू असं झालं की उजेड तिला सोसेना. दार लावून ती भिंतीकडे तोंड करून बसायला लागली. डोळ्याच्या काळ्या भागावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका दिसायला लागला. त्याने तो पाहिला आणि जाळी आली असेल, निघून जाईल, असं म्हणाला. पण म्हणताना त्याला स्वतःच्याच आवाजाचा भरवसा वाटला नाही.

"मोठ्या दवाखान्यात दाखवू या का?" तिने विचारलं.

"सकाळच्या गाडीनं जाऊ."

"गाडी रस्त्यावरनं जाते. तिथवर चालायचं, वर ऊन आणि धूळ. भावजींची पिकअप आहे, विचारता का?"

"त्याचं नाव काढू नकोस."

सकाळी वाऱ्याने एक अख्खी ओळ आडवी केली होती. ती उभी करता करता गाडीची वेळ गेली. उद्या जाऊ, तो म्हणाला.  बांधापलीकडे धाकट्याची पिकअप कडुलिंबाच्या सावलीत उभी होती. दिवसभर काम करताना पिकअपकडे न पाहण्याची तो काळजी घेत होता, आणि त्यामुळे दिवसभर तीच त्याला दिसत होती.

त्याच्या पुढच्या सकाळी ती उठली आणि उभी राहता राहता भिंतीला धरून खाली बसली. रात्रभर तिने कण्हणं तोंडात दाबून धरलं होतं, उशीचा कोपरा ओला झाला होता. डोळा फुगून बंद झाला होता आणि त्यातून पू येत होता. त्याने पाण्याचा पेला पुढे केला, तर तिने हात पुढे केला तो पेल्याच्या बाजूने गेला.

तो तसाच उठला. पायात वहाण न घालता बांध ओलांडून गेला.

धाकटा अंगणात दात घासत होता. थोरल्याला आपल्या अंगणात पाहून त्याचा हात थांबला. दोरीवाल्याने वाटेत शब्द जुळवले होते, पण तिथे पोचल्यावर त्यातला एकही तोंडातून निघेना. तो उभा राहिला आणि अनवाणी पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला, शाळेत उशीर झालेल्या मुलासारखा.

"काय पाहिजे?" धाकट्याने विचारलं.

"तुझी वहिनी..."

"काय झालं वहिनीला?"

"डोळा."

धाकट्याने चूळ टाकली. खुंटीवरची किल्ली घेतली. अंगात सदरासुद्धा न घालता तो गाडीकडे निघाला आणि चालता चालता म्हणाला, "कधी लागलं?"

"झाले थोडे दिवस."

"थोडे दिवस?" धाकटा वळला. "आणि आज आलास?"

 बोलायला तोंड नव्हतं म्हणून आलो नाही, हे भावाच्या तोंडावर सांगता येत नाही. गाडीत ती मध्ये बसली, दोन भाऊ दोन बाजूंना. प्रत्येक खड्ड्यात ती डोळा दाबून धरायची आणि धाकटा गाडी आणखी हळू करायचा. 

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि त्यांना बोलायला वेळ नव्हता. तरी त्यांनी दिवा लावून बराच वेळ डोळा पाहिला.

"कशानं लागलं?"

"काठी. बागेतली."

"मातीची?"

"मातीतली."

"काय घातलं डोळ्यात?"

त्याने खिशातून बाटली काढून पुढे केली. ती घेऊन यावी हे त्याला सुचलं होतं, तेवढंच एक शहाणपण. डॉक्टरीणबाईंनी नाव वाचलं आणि बाटली टेबलावर दूर सरकवली.

"ही कुणी दिली?"

"माझीच होती. मागची."

"काठीबरोबर बुरशी आत गेली. कुजक्या लाकडावर, पानांवर ती असतेच," त्या म्हणाल्या. "या औषधानं वरची लाली जाते. माणसाला वाटतं बरं होतंय, आणि आत बुरशीला रान मोकळं मिळतं. लागलं त्या दिवशी आला असतात तर..." त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि वाक्य अर्धंच सोडलं. "बघू या. प्रयत्न करू."

तिला खाट मिळाली. तासातासाला थेंब घालायचे होते, वेगळे, जळजळ करणारे. परिचारिकेने त्याला शिकवलं: हात साबणाने धुवायचे, पापणी खाली ओढायची, बाटलीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही. तो प्रत्येक वेळी हात धुवायचा. नखांतली माती निघेना म्हणून त्याने नखं मुळापर्यंत कापली, दोन बोटांतून रक्त आलं. तिच्या खाटेशेजारी स्टुलावर बसून तो भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहायचा. आयुष्यात त्याने एवढं घड्याळ पाहिलं नव्हतं.

धाकटा दिवसाआड यायचा. घरचं जेवण आणायचा आणि बागेला पाणी दिलं एवढं सांगायचा. कुणाच्या पाळीचं पाणी, ते तो सांगत नसे आणि थोरला विचारत नसे. एकदा तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहून घुटमळला.

"दादा, एक विचारू? काठ्यांना टोपरी नव्हती का यंदा? मी बांधावरनं बघायचो, तेव्हा तर होती."

दोरीवाल्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"होती," खाटेवरून ती म्हणाली. दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. चांगल्या डोळ्यालाही विश्रांती हवी, म्हणून. "ह्यांनी काढली. फुलवाला येणार होता ना, गबाळं दिसतं म्हणून."

तिने त्याला वाट करून दिली होती. तो त्या वाटेने निघून गेला असता तर कुणाला काही कळलं नसतं. पण त्याला ते सहन झालं नाही.

"फुलवाल्यासाठी नाही," तो म्हणाला. "ह्याच्या बोलण्यासाठी काढली."

"माझ्या?" धाकटा म्हणाला. "मी काय बोललो?"

त्याला खरंच आठवत नव्हतं. हे दोरीवाल्याच्या लक्षात आलं. जे शब्द त्याने छातीत काट्यासारखे धरून ठेवले होते, ते बोलणाऱ्याने तिथेच बांधावर टाकून दिले होते. त्याने ते शब्द हळू आवाजात पुन्हा सांगितले. तुझी पोरं टोपरी घालून उभी आहेत, रडायची नाहीत. धाकटा ऐकत राहिला आणि हळूहळू त्याचा चेहरा काळवंडला. त्याने खाटेची लोखंडी दांडी धरली.

"तुझ्यासमोर बोलला तो," दोरीवाला बायकोला म्हणाला. "तू मान खाली घातलीस. खांदे हलले तुझे. मी बघितलं ना. मग ती टोपरी मला दिसेनाशी करायची होती."

 मग तिच्या ओठांच्या कडेला कुठेतरी हसू आलं.

"अहो, मी हसत होते."

"काय?"

"दातांत सुतळी होती. मोठ्यानं हसले असते तर पडली असती, म्हणून मान खाली घातली." ती थांबली. "भावजी रागात होते, पण बोलले ते मजेशीर होतं. मला आवडायचं ते. कुणी म्हटलं ना, तुमची पोरं यंदा उंच झाली, की मला बरं वाटायचं. तेवढंच कुणी म्हणायचं."

धाकटा बाहेर निघून गेला. जिन्यावर बसून त्याने दोन्ही हातांत तोंड लपवलं. दोरीवाला स्टुलावरून हलला नाही. इतकी वर्षं एका घरात राहून आपण या बाईला एवढंही ओळखलं नाही, याची त्याला लाज वाटली. आणि त्या लाजेखाली दुसरं काहीतरी होतं, ते रडूच होतं. तेवढ्यात थेंबांची वेळ झाली. तो हात धुवायला उठला.

थेंबांचा उपयोग झाला नाही. पांढरा ठिपका पसरत गेला, मग बुबुळ मधोमध पातळ झालं. डॉक्टरीणबाईंनी दोघांना एकत्र बसवून सांगितलं, की डोळा आतून फुटायला आला आहे, नजर तर गेलीच आहे, आणि आता ठेवला तर नुसता त्रास आहे. दोरीवाला म्हणाला, दुसरीकडे दाखवू का, आणखी मोठ्या ठिकाणी. त्या म्हणाल्या, दाखवा, पण तेही हेच सांगतील.

"काढा," तीच म्हणाली. "ठणका तरी थांबेल."

ठणका थांबला. त्या दिवशी ती किती दिवसांनी गाढ झोपली, आणि तो तिच्या उशाशी बसून तिच्या अर्ध्या झाकलेल्या चेहऱ्याकडे पाहत राहिला.

घरी आणलं तेव्हा बाग उभी होती. धाकट्याने पाणी दिलं होतं, पडलेल्या ओळी सावरल्या होत्या. गाठी मात्र आवळ बसल्या होत्या आणि पुष्कळ देठ काचले होते. तिने बोटांनी चाचपून पाहिलं आणि म्हणाली, "भावजींनी झाडांना बांधलंय की गुरांना?" सगळे हसले. मग हसणं लगेच थांबलं.

एका डोळ्याने जग सपाट दिसतं, हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. ती पेला खाली ठेवायला जायची आणि जमीन यायच्या आधीच सोडून द्यायची. चौकटीला तिचा डावा खांदा आपटायचा. तिथे निळं पडलं होतं. भांड्यात पाणी ओतताना धार बाहेर जायची आणि ती फडक्याने पुसून पुन्हा ओतायची. बागेत ती गेली नाही. जाऊ का म्हणून विचारलंही नाही. दारात बसायची, तिथून बागेच्या पहिल्या दोन-तीन ओळी दिसायच्या.

आणि दोरीवाला तिच्या डाव्या बाजूनेच वावरायला लागला. चालताना डावीकडे, जेवायला बसताना डावीकडे. उजव्या बाजूला तो जात नसे. तिच्या त्या उरलेल्या डोळ्यासमोर उभं राहायची त्याची छाती होत नव्हती. त्या डोळ्यात राग असता तर त्याने सोसला असता. राग नव्हता, म्हणून तो तोंड लपवत होता. तिला डाव्या बाजूचं काही दिसत नाही, त्यामुळे आपण हे करतो ते तिला कळत नसेल, असं त्याला वाटायचं.

एका दुपारी कुणास ठाऊक काय झालं, तो बागेत गेला आणि काठ्या उपटायला लागला. हातात जोर होता तेवढ्या जोराने एकेक ओढून बाहेर काढत सुटला. जुन्या बांबूच्या चिपा तळव्यात घुसत होत्या, त्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. सुतळ्या तटातट तुटल्या. वारा होताच. त्याच्या मागे ओळ हळूहळू झुकली आणि फुलं तोंडघशी मातीत पडली. दोरीने लावलेली ती सरळ ओळ अशी पसरली की कुठलं झाड कुठलं ते ओळखू येईना. धाकटा बांधावर येऊन उभा राहिला.  आता अडवायचं तरी कशाला, असं त्याच्या तोंडावर होतं.

हात चालेनासे झाले तेव्हा दोरीवाला घराकडे आला. ती दारात बसली होती. तो तिच्या डाव्या बाजूला उंबऱ्यावर बसला. तळवे मांडीवर उताणे ठेवले आणि रडायला लागला. आवाज होऊ नये म्हणून तोंड उघडं ठेवून रडला. पाणी नाकातून, मिशीवरून हनुवटीवर आलं. तिला हे दिसणार नाही याची त्याला खात्री होती.

ती समोर पाहत होती. जमिनीवर लोळलेल्या फुलांकडे पाहत होती.

"नाक पुसा," ती म्हणाली.

त्याने बाहीने पुसलं.

"आणि इकडून या. उजवीकडून."

तो बसून राहिला.

"तिकडं बसता तुम्ही, आणि मला वाटतं मी एकटीच बसले आहे," ती म्हणाली. "घरी आल्यापासून तसंच वाटतंय. डोळा गेला ते समजलं. पण माणूसही का जावं?"

तो उठला. तिच्या समोरून जायची हिंमत होईना, म्हणून मागून, दारातून आत जाऊन, वळसा घालून आला आणि तिच्या उजव्या बाजूला बसला. तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्याने या वेळी तोंड फिरवलं नाही.

"किती वाळलात," ती म्हणाली. मग तिचं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं. "दाखवा."

तिने त्याचा तळवा आपल्या मांडीवर ओढून घेतला. अंगठ्याखाली बांबूची लांब चीप होती, तिचं टोक बाहेर दिसत होतं. तिने खाली वाकून, एक डोळा बारीक करून नखांची चिमट धरली. चिमट बाजूच्या कातडीला लागली. तिने पुन्हा धरली आणि पुन्हा चुकली. तिसऱ्यांदा नख थेट चिपेवर बसलं आणि ती आणखी आत गेली.

"दुखतंय का?"

"नाही," तो म्हणाला, आणि तिला हवा तेवढा वेळ मिळावा म्हणून त्याने हात तसाच ठेवला.